मिक्सर लावते गं!

'ऑटिझम' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कोपऱ्यात एकटंच खेळणारं लहान मूल. पण हे मूल मोठं होतं तेव्हा? ते कॉलेजात जातं, हॉस्टेलच्या मेसमध्ये रांगेत उभं राहतं, तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतं... आणि कधी कधी तुमच्यासाठी लेखही लिहितं! उमरगा ते पुणे व्हाया मिसिसिपी, अशी ही एका स्वमग्न मुलीची गोष्ट.

सोलापूर सुटलं की माझं सुरू होतं. बोरामणी, इटकळ, अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, दाळिंब... आणि उमरगा! ही माझी जपमाळ. हैदराबाद हायवेवरची ही गावं मी मनातल्या मनात म्हणत राहते. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या सीटवरच्या काकू मोबाइलवर मोठ्या आवाजात सीरियल बघत असतात, मागे कुणीतरी चिवड्याचं पाकीट करकर वाजवत असतं, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. अशा वेळी ही माळ नसेल, तर मी नळदुर्गातच उतरून किल्ल्यात जाऊन बसेन, अशी परिस्थिती असते.

या दिवाळीत मात्र माळ तीनदा चुकली. कारण बॅगेत फराळाच्या रिकाम्या डब्यांखाली एक फाइल होती. त्यात चार पानांचा एक रिपोर्ट होता आणि तो घरी दाखवायचा होता. दोन वर्षं मी तो लपवून ठेवला होता. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मला कळलं होतं, की मी ऑटिस्टिक आहे.

थांबा, लगेच 'पण वाटत नाही गं तुझ्याकडे बघून!' म्हणू नका. हे वाक्य मी आतापर्यंत इतक्यांदा ऐकलंय, की त्याचाही एक हिशेब ठेवलाय. (होय, हिशेब ठेवणं हासुद्धा माझा छंद आहे.)

स्टॅंडवरची चौकशी खिडकी

उमरग्यात आमचं घर एसटी स्टॅंडपासून चालत पाच मिनिटांवर. लहानपणी मला खेळणी नको असायची, स्टॅंडवरचा वेळापत्रकाचा फलक हवा असायचा. सात वर्षांची असताना तो मला तोंडपाठ होता. आज्जी हाताला धरून ओढायची आणि वैतागून म्हणायची, 'काय बघूलालीस गं तिकडं? बोर्ड काय पळून जाऊलालाय का?' पण हळूहळू गल्लीला माझा उपयोग कळला. सगळ्यांच्या खिशात मोबाइल नव्हते तेव्हा. लातूरला जायचं असो की गुलबर्ग्याला, लोक आमच्या दारात यायचे आणि विचारायचे, 'पोरी, आता कोणती गाडी हाय?' मी त्यांच्या तोंडाकडे न बघता, भिंतीकडे बघत बिनचूक वेळ सांगायचे. लोक खूश, मी त्याहून खूश!

बाकी सगळा मात्र गोंधळच होता. लग्नातल्या बॅंडनं मी टेबलाखाली जाऊन बसायचे. नव्या फ्रॉकचं लेबल मानेला टोचलं की अंगाची आग व्हायची. शाळेत एका बाईंनी चिडून 'जा, तुझं दप्तर घे आणि घरी जा' म्हटलं, तर मी खरंच दप्तर घेऊन घरी गेले. बाईंना वाटलं उद्धट आहे. मला वाटलं, मी सांगितलेलं ऐकलं! दोघींचंही त्यानंतर कधी जमलं नाही.

मग मास कम्युनिकेशन करायला पुण्यात आले. आता तुम्ही म्हणाल, जिला माणसांशी बोलायचं टेन्शन, तिनं हाच कोर्स का निवडला? उत्तर सोपं आहे. मुलाखत घेताना प्रश्न आधी लिहून नेता येतात! गप्पा मारायला कुणी प्रश्नांची यादी देत नाही, मुलाखतीला देतात. माझ्यासाठी तो स्वर्ग होता.

नोकरी लागली आणि स्वर्ग संपला. चकाचक ऑफिस, उघडा फ्लोअर, डोक्यावर सतत गुणगुणणारी ट्यूबलाइट, एकाच वेळी चौदा जणांचे फोन. दुपारी टीम लंच, महिन्यातून चारदा केक कापणं आणि टाळ्या. संध्याकाळपर्यंत माझं डोकं हॅंग झालेल्या कॉम्प्युटरसारखं व्हायचं. कामात चूक नव्हती, डेडलाइन कधी चुकली नाही. पण अप्रेजलच्या कागदावर आलं, 'टीम प्लेयर नाही'. एक दिवस वॉशरूममध्ये दार लावून बसले ते तासभर बाहेरच येता आलं नाही. त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि फ्रीलान्सर झाले. लोकांना वाटलं काय डेअरिंग आहे पोरीचं! डेअरिंग कसलं, ती पळापळ होती.

नंतर एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. तीन-चार लांबलचक बैठका, प्रश्नावल्या, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं. त्यांना माझं लहानपणही जाणून घ्यायचं होतं. आईला खरं कसं सांगणार? मी फोन करून चक्क थाप मारली, 'आई, एका लेखासाठी हवंय, मी लहानपणी कशी होते?' आई दीड तास बोलत होती. तो लेख हाच, आई. थोडा उशीर झाला इतकंच!

हे नक्की आहे तरी काय?

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द गोड आहे, पण खरं सांगू का, माझ्या बाबतीत तो उलटाच आहे. मी स्वतःत मग्न नसते. जगच माझ्यात जरा जास्त घुसतं. तुमच्या मेंदूला नको ते आवाज, वास, उजेड आपोआप गाळायची सवय असते. माझी गाळणी सैल आहे. सगळंच एकदम आत येतं. मग मी जे आवडतं, जे ठरलेलं आहे, ते घट्ट धरून ठेवते. वेळापत्रक, गावांचा क्रम, रोज तोच नाश्ता. त्यात भर म्हणजे लोक बोलतात एक आणि त्यांना म्हणायचं असतं दुसरंच. 'बघू या नंतर' म्हणजे 'नाही', हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी वर्षानुवर्षं त्या 'नंतर'ची वाट बघायचे!

हा आजार नाही, तो 'बरा' होत नाही आणि तो लशीनं, संगोपनानं किंवा मोबाइलनं होत नाही. लशीचा संबंध जोडणारा १९९८ चा तो गाजलेला शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतला. ऑटिझम हा जन्मापासूनचा मेंदूच्या घडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. काही जणांना बोलता येत नाही, काहींना चोवीस तास मदत लागते आणि काही माझ्यासारखे लेख लिहितात. म्हणूनच त्याला 'स्पेक्ट्रम' म्हणतात. पूर्वी माझ्यासारख्यांना 'अॅस्पर्गर' असं वेगळं लेबल लागायचं. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या नव्या नियमावलीत ही सगळी लेबलं एकाच छत्रीखाली आणली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. म्हणजे हजार जणांच्या तुमच्या आयटी कंपनीत सात-आठ जण तरी असायला हरकत नाही. त्यातल्या कितीकांना स्वतःलाच ते माहीत नसेल, कुणास ठाऊक! मुलींचं तर जास्तच. कारण आम्ही लवकर नक्कल शिकतो. कुठं हसायचं, किती वेळ डोळ्यात बघायचं, 'अय्या' कधी म्हणायचं, हे सगळं मी वर्गातल्या एका लोकप्रिय मुलीकडे बघून पाठ केलं होतं. याला 'मास्किंग' म्हणतात. मुखवटा छान बसतो, पण रात्री तो उतरवला की खालचा चेहरा थकून गेलेला असतो.

पेशंट नंबर एक

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे सगळं वाचून काढायचं ठरवलं. आणि मला भेटला डोनाल्ड.

डोनाल्ड ट्रिप्लेट. जन्म १९३३, गाव फॉरेस्ट, राज्य मिसिसिपी. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक चिमुकलं गाव. मुलगा हाक मारली तर बघायचा नाही, गोल वस्तू फिरवत बसायचा, दिनक्रम बदलला की थयथयाट. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईवडिलांनी त्याला तीन वर्षांचा असताना संस्थेत ठेवलं. सल्ला काय होता, तर विसरा याला! पण एका वर्षातच ते त्याला घरी घेऊन आले. वकील असलेल्या वडिलांनी बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांना मुलाबद्दल तब्बल ३३ पानांचं पत्र लिहिलं. कॅनरनी १९४३ मध्ये ११ मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातलं पहिलं नाव होतं 'डोनाल्ड टी.' ऑटिझमचं निदान झालेला जगातला पहिला माणूस म्हणून तो ओळखला जातो.

पण मला वेड लावलं ते पुढच्या गोष्टीनं. कारण 'केस नंबर एक' मोठा झाला आणि मस्त जगला!

मधली काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजायचं वेड होतं. त्या शाहाण्या माणसांनी ते मोडून काढलं नाही, कामाला लावलं. नांगरताना मक्याच्या ओळी मोज, विहिरीची खोली मोज! पुढे डोनाल्डनं फ्रेंच विषय घेऊन पदवी मिळवली. गावातल्या बॅंकेत नोकरी केली, थोडीथोडकी नाही, पासष्ट वर्षं. सत्ताविसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकला. गोल्फ खेळायला लागला. एकट्यानं तीसहून जास्त देश फिरून आला. ओळखीच्या माणसांना तो नंबर द्यायचा आणि वर्षांनी भेटला तरी त्यांचा नंबर सांगायचा. आवडत्या माणसांना रबरबॅंड मारायची त्याची खोड होती. गावकऱ्यांना ती सवयीची झाली होती. २०२३ च्या जूनमध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी तो गेला.

जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर या दोन पत्रकारांनी त्याला शोधून काढून २०१० मध्ये त्याच्यावर लिहिलं, पुढे पुस्तकही केलं. ते गावात पोचले तेव्हा एक गंमत झाली. गावातल्या माणसांनी त्यांना मुलाखती तर दिल्या, पण त्यातल्या काहींनी दमही भरला, की आमच्या डॉनला दुखवाल तर बघा, तुम्हाला कुठं गाठायचं ते आम्हाला ठाऊक आहे! वाचताना मी एकटीच हसत होते आणि रडतही होते. कारण हा टोन मला ओळखीचा होता. हा थेट आमच्या गल्लीचा टोन होता.

एक किस्सा तर मी कधीच विसरणार नाही. गावात दंतकथा होती, की डोनाल्डनं शाळेच्या इमारतीकडे एकदाच बघून तिच्या विटांचा नेमका आकडा सांगितला होता. म्हातारपणी त्यानं कबूल केलं, की आकडा मनानंच ठोकला होता. का? तर त्या मुलांनी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून! सगळं जग त्याला 'जीनियस' समजत होतं आणि त्याला फक्त मित्र हवे होते. ऑटिस्टिक माणसांना माणसं नको असतात, असं ज्यांना वाटतं, त्यांनी या विटा जरूर मोजाव्यात.

अर्थात, गोष्ट इतकी गुलाबी नाही. ती बॅंक डोनाल्डच्या आईच्या घराण्याची होती. पैसा होता, गोरा रंग होता, गावात वजन होतं. त्याच मिसिसिपीत कृष्णवर्णीय मजुराच्या घरात तो जन्मला असता, तर त्याचं नाव कुठल्याही निबंधात आलं नसतं. आपल्याकडेही तसंच आहे. माझ्या घरी दोन पगार होते, शिक्षण होतं. तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरात माझ्यासारखी पोर जन्मली तर तिला 'येडी' म्हणतात आणि विषय संपतो.

अठरानंतर काय?

ऑटिझमवरची आपली सगळी चर्चा लहान मुलांभोवती फिरते. थेरपी, स्पेशल स्कूल, स्पीच... अठरा वर्षं झाली की जणू पडदाच पडतो. शाळा संपते, आईवडील म्हातारे होतात आणि घराघरात एकच प्रश्न उरतो, 'आमच्या माघारी काय?'

या प्रश्नाला काही माणसांनी आपापली उत्तरं शोधली आहेत. मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे. यश चॅरिटेबल ट्रस्टच्या डॉ. सुषमा नगरकर यांची मुलगी ऑटिस्टिक. मोठ्या झालेल्या अशा मुलांनी करायचं काय, या विचारातून आधी डब्यांची सेवा आणि मग २०१८ मध्ये हा कॅफे उभा राहिला. तिथं ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली मोठी माणसं ऑर्डर घेतात, पदार्थ बनवतात, पगार घेतात. पगार हा शब्द महत्त्वाचा! दया म्हणून वाटलेली मेणबत्ती विकणं वेगळं आणि महिनाअखेरीला हातात पगार येणं वेगळं. मुंबईच्याच जिया राय या ऑटिस्टिक जलतरणपटूनं २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. तिच्या विक्रमांपुढे माझं एसटीचं वेळापत्रक म्हणजे किस झाड की पत्ती!

पण प्रत्येकानं खाडी पोहायची गरज नाही ना? डोनाल्ड मला आवडतो, कारण तो साधं आयुष्य जगला. सकाळी उठला, कॉफी प्यायला, बॅंकेत गेला, गोल्फ खेळला, टीव्ही बघून झोपला. एवढं साधं जगता येणं, हेच खरं यश. हिंदी सिनेमानं २०१० च्या 'माय नेम इज खान'सारख्या सिनेमांतून आम्हाला पडद्यावर आणलं खरं, पण तिथंही आम्हाला काहीतरी अचाट करूनच दाखवावं लागतं. कधीतरी एखादा ऑटिस्टिक हीरो नुसता ऑफिसला जाऊन घरी येताना दाखवा की राव!

कायदा आता आपल्या बाजूचा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्पष्ट जागा मिळाली. गंमत म्हणजे, भारतात ऑटिझम मोजायची जी पट्टी वापरतात, 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली आणि २००९ मध्ये आली. सिकंदराबाद! म्हणजे आमच्या हैदराबाद गाडीच्या टप्प्यात. ज्या गाडीची वेळ मी गल्लीला सांगत होते, त्याच रस्त्याच्या टोकाला माझ्यासारख्यांना मोजायची पट्टी बनत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

चौकट : ऑफिसमध्ये एवढं करून बघा!

० 'जरा केबिनमध्ये ये, बोलायचंय' असा मेसेज टाकून सस्पेन्स ठेवू नका. कशाबद्दल ते एका ओळीत लिहा. समोरच्याची झोप वाचते.

० सूचना तोंडी दिल्या तरी नंतर मेल करा. 'लवकर दे' म्हणू नका, 'गुरुवारी चारपर्यंत दे' म्हणा.

० कुणी हेडफोन लावून बसलं, तर ते शिष्ट आहे असं समजू नका. तो चष्म्यासारखा असतो, फक्त कानाचा.

० डोळ्यात न बघता बोलणारा माणूस खोटं बोलतोय असं नाही. उलट तो तुमचं नीट ऐकायचा प्रयत्न करत असेल.

० टीम लंचला 'नाही' म्हटलं तर आग्रह नको. पण पुढच्या वेळी बोलावणं बंदही करू नका!

० तुम्हीच ऑटिस्टिक असाल तर : निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज होतो. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार आदींच्या गटाला मिळून १ टक्का जागा आहेत. २०१६ च्या कायद्याप्रमाणे खासगी कंपनीलाही समान संधीचं धोरण ठेवावं लागतं. एचआरला विचारा, लाजू नका.

० घरात जास्त मदत लागणारी मोठी व्यक्ती असेल तर : राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करतात. हे काम 'नंतर बघू'वर टाकू नका.

फाइल उघडते तेव्हा...

उमरग्यात पोचले. पहिला दिवस फराळात गेला, दुसरा पाहुण्यांत. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. स्थळ होतं. मुलगा पुण्यातच, पॅकेज चांगलं. 'बायोडेटात काय लिहू? मुलगी शांत आहे, घरगुती आहे, असंच लिहिते,' मावशी म्हणाली. फोन स्पीकरवर होता. आईनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

रात्री जेवणं झाल्यावर मी फाइल काढली. पप्पांनी चष्मा लावून चारही पानं वाचली. एकदा, मग पुन्हा एकदा. नंतर उठून गच्चीत गेले. आईनं वाचलंच नाही. तिनं एकच विचारलं, 'माझ्यामुळं झालं का गं हे? तू पोटात असताना मी शाळेत जायचे, दमायचे... तुला वेळ नाही दिला...'

मी तयारी करून गेले होते. आईला मी सांगितलं, की हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टरच आयांना दोष द्यायचे. आई मायेनं वागत नाही, ती फ्रिजसारखी थंड आहे, म्हणून मूल असं होतं म्हणायचे! कितीतरी आया त्या अपराधात जळल्या. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड नावाच्या एका मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून ते खोडून काढलं. तुझा काही दोष नाही. दोष कुणाचाच नाही, कारण हा गुन्हाच नाही.

आई गप्प बसली. मग अचानक म्हणाली, 'भूकंपानंतर आम्ही सगळेच असे झालो होतो.'

३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मातीला मिळाली. उमरगा आणि औसा हे सगळ्यात जास्त फटका बसलेले तालुके. आई सांगत होती, 'कितीतरी महिने कुणी छताखाली झोपत नव्हतं. ट्रक गेला तरी माणसं उठून पळायची. भांडं पडलं तरी पोरं किंचाळायची. कुणी कुणाला येडं म्हटलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, याच्या आत काय चाललंय ते. तुझं रोजच तसं असतं का?'

रोज नाही, म्हटलं. पण बऱ्याचदा.

डेमियन मिल्टन नावाचा एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहे, स्वतः ऑटिस्टिक. त्यानं २०१२ मध्ये एक भन्नाट मुद्दा मांडला. लोक म्हणतात, ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. मिल्टन म्हणतो, तुम्हाला तरी आमचं कुठं कळतं? न समजणं दोन्ही बाजूंनी आहे, मग दुरुस्ती एकानंच का करायची? हा सगळा सिद्धांत मी इंग्रजीत वाचून मराठीत आईला कसा सांगायचा, याची बसमध्ये उजळणी केली होती. तिनं तो भूकंपाच्या एका आठवणीत स्वतःच सांगून टाकला!

पप्पा गच्चीतून खाली आले. म्हणाले, 'पुण्याला परत जायची गाडी किती वाजता आहे?' आता मला वाटलं झालं, हाकलतायत! (शब्दशः घ्यायची सवय जात नाही.) मी गाडीची वेळ सांगितली. तर म्हणाले, 'बघ. बोर्ड न बघता सांगतेस. मला तर कधी जमलं नाही. बस, झोप आता.' त्यांच्या भाषेत हे मोठं भाषण होतं.

आता 'मग ती बदलली का?' असं तुम्ही विचाराल. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या पुस्तकांत असतं तसं 'न्यू मी' वगैरे काही झालेलं नाही. लग्नातल्या बॅंडनं मी आजही पळते. पण दोन वर्षांत काही गोष्टी शिकले. इअरप्लग पर्समध्ये ठेवते. एका दिवसात दोन मीटिंगच्या वर घेत नाही. फोन आला तर सरळ सांगते, 'मेसेज कराल का प्लीज? मला लिहिलेलं चांगलं कळतं.' नव्या क्लायंटला कामाआधीच लिहून देते, की मला सूचना लेखी लागतात. दहातले दोन पळून जातात, आठ खूश होतात, कारण त्यांचंही काम सोपं होतं. आणि सगळ्यात मोठी शिकवण म्हणजे, दमले की 'दमले' म्हणते. पूर्वी हसत राहायचे.

निघायच्या दिवशी सकाळी मी मधल्या खोलीत बॅग भरत होते. मावशीचा पुन्हा फोन आला. आई स्वयंपाकघरातून बोलत होती, 'हे बघ, बायोडेटात शांत-बिंत काही लिहू नको. ती शांत नाही, तिचं काय आहे ते तीच लिहून देईल. वाचून ज्याला यायचं तो येईल. आणि तिला सारखा फोन नको करूस, मेसेज कर. तिला लेखी लागतं.'

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग चटणीचं भांडं बसवल्याचा. आणि मग आईची हाक, 'मिक्सर लावते गं!'

मी सवयीनं कानांवर हात ठेवले आणि एकदम जाणवलं, की ही हाक मी अठ्ठावीस वर्षं ऐकतेय. आमच्या घरात सांगितल्याशिवाय मिक्सर कधी लागलाच नाही. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असंच असतं. ऑफिसात जे मला कधी मागता आलं नाही, कायद्यात ज्याला 'वाजवी सोय' म्हणतात, ते माझी आई कुठलाही रिपोर्ट न वाचता, रोज सकाळी, चटणी वाटण्याआधी करत आली होती.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. दाळिंब, येणेगूर, जळकोट, नळदुर्ग, अणदूर, इटकळ, बोरामणी. उलटी माळ, पण एकदाही चुकली नाही.